बारीचा शिंपला

दिवेखारच्या उघाडीवर एक जाड काळा दोर आहे आणि त्यावर एकतीस शिंपले ओवलेले आहेत. घरटी एक. उघाडी म्हणजे बांधातलं पाण्याचं दार. भरती चढायच्या आत तिची लाकडी झडप खाली पाडायची, ओहोटी लागली की वर ओढायची. एवढं एक काम चुकलं तर खाडी शेतात शिरते आणि मग तीन-चार वर्षं त्या जमिनीत भात म्हणून उगवत नाही. म्हणून गावानं बारी लावलेली. ज्या घराची बारी, त्यानं सकाळी आपला शिंपला फिरवून त्याचं पोट खाडीकडे करायचं आणि काम पुरं झालं की परत गावाकडे. दुसऱ्याच्या शिंपल्याला हात लावायचा नाही. माझ्या लहानपणी गावात कोण कोणाशी बोलत नाही याची यादी बरीच लांब होती, पण हा नियम कोणी मोडल्याचं मला आठवत नाही.

आज तीस शिंपले गावाकडे बघतात. एक चोवीस वर्षं खाडीकडे बघतो आहे. तो आमचा, घरतांचा.

२०३१ च्या ऑक्टोबरात उधाणाची भरती आणि वादळ एकाच दुपारी आले. बारी माझ्या वडिलांची होती. झडप मध्येच अडकली. जयदास म्हात्रे बांधावरून धावत गेले, त्यांनी ती पाडली आणि गाव वाचलं. माझे वडील, भालचंद्र घरत, तिथे नव्हते. त्यांची होडीही किनाऱ्याला नव्हती. पुढे होडी आली नाही आणि तेही आले नाहीत. गावानं उत्तर काढलं की भालचंद्र घाबरला आणि बारी टाकून पळाला. मी अकरा वर्षांची होते. मला ते उत्तर पटलं. खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं, कारण पळालेला बाप कधीतरी परत येऊ शकतो. तो आला नाही तेव्हा मला त्याचा राग आला, आणि तो राग मी आजवर लोणच्यासारखा जपून ठेवला आहे.

आई कुठल्याच बाजूनं बोलली नाही. शिंपला घराचा, म्हणजे तिनंही फिरवला तर चालतो. लोकांनी दोन-तीनदा सुचवलं. "काम पुरं जालं नसंल तर फिरवू कशी?" ती म्हणायची. "नि जालं असंल तर मना कोन सांगल?" हळूहळू लोकांनी विचारणं सोडून दिलं.

आता मी पस्तीस वर्षांची आहे आणि जिल्ह्याच्या कारणशोध केंद्रात काम करते. आमच्याकडे कारणक नावाचं यंत्र आहे. कोणत्या घटनेला कोणाची कुठली कृती कारणीभूत झाली, हे ते सांगतं. पूर्वी आमच्या भागात एका पुलाच्या पाटीवर सात जणांची नावं असायची, त्यातले पाच जण पूल कुठे आहे हे विचारत यायचे. आता 'यांच्यामुळे' असा शब्द असलेली कुठलीही सरकारी पाटी कारणकाच्या दाखल्याशिवाय लागत नाही. जिल्ह्यातल्या पाट्या निम्म्यावर आल्या. संगमरवर कापणारे लोक अजून आम्हाला शिव्या देतात.

गेल्या सोमवारी माझ्या मेजावर अर्ज आला. दिवेखारची जुनी उघाडी शनिवारी ओहोटीला काढणार, तिथे आपोआप चालणारं पोलादी दार बसणार, आणि त्यावर पाटी हवी: 'जयदास म्हात्रे यांच्यामुळे हे गाव वाचले.' हा अर्ज मी दुसऱ्या कोणाकडे द्यायला हवा होता. मी दिला नाही.

संध्याकाळी आईला फोन केला. ती जवळा निवडत होती.

"शनिवारी उघाडी काढणार आहेत म्हणे," मी म्हटलं.

"हां. दोर पन काढतील." तिनं सुपातला जवळा पाखडला. "आपला शिंपला तसाच जाईल का गं?"

 "मी येते," एवढंच म्हणाले.

*

कारणकाचं जग फार साधं आहे. सुरुवातीला एक स्थिती, मग एकामागून एक कृती. प्रत्येक कृतीबद्दल त्याला दोन गोष्टी सांगाव्या लागतात: ती करायला आधी काय असावं लागतं, आणि ती केल्यावर काय बदलतं. दार उघडायचं तर कडी काढलेली हवी, आणि उघडल्यावर दार उघडं होतं. तिसरी गोष्ट त्याच्या आत आधीच घातलेली असते: जे कोणी हलवलं नाही ते जिथल्या तिथे राहतं. हे तुम्हाला-मला कोणी शिकवावं लागत नाही. यंत्रांना मात्र पूर्वी प्रत्येक वेळी बजावावं लागे की दार उघडल्यानं भिंतीचा रंग बदलत नाही आणि आजोबा खुर्चीवरून नाहीसे होत नाहीत. तर्कशास्त्र्यांच्या काही पिढ्या त्यात खर्ची पडल्या. वारा, लाट, भरती याही त्याच्या लेखी कृतीच, फक्त त्या करणारा निसर्ग.

कारण ओळखायची साधी परीक्षा सगळ्यांना ठाऊक आहे: हे केलं नसतं तर ते झालं असतं का? पण ही परीक्षा फसते. समजा, गॅसवर दूध आहे. आई येते आणि गॅस बंद करते. तिच्या मागोमाग मीही धावत आलेली असते, आईनं बंद केला नसता तर मी केला असता. म्हणजे आई नसती तरी दूध उतू गेलं नसतं. मग आईनं काहीच केलं नाही का? हे आईला सांगून बघा. म्हणून कारणक आधी शोधतो की गोष्ट नेमकी कुठल्या कृतीनं बदलली. मग जर-तरचा प्रश्न विचारताना ती कृती तर पुसतोच, पण जिची वेळ त्या कृतीमुळे आलीच नाही, ती राखीव कृतीही बाजूला ठेवतो. एवढं करूनही दूध वाचलं तर आईचं श्रेय गेलं. नाहीतर ते तिचंच. मग तिथून तो मागे मागे जातो. ही कृती शक्य व्हायला आधी कोणी काय केलं होतं, आणि त्याच्याही आधी कोणी.

जयदासकाकांचं प्रकरण मला सोपं वाटलं होतं. त्या दुपारी चाळीस माणसं मातीची पोती घेऊन बांधाकडे निघालेली होती. काकांनी झडप पाडली नसती तर पोत्यांनी तोंड बुजलं असतं, असं मी धरलं होतं. साध्या परीक्षेत काका नापास झाले असते, कारणक पोती बाजूला ठेवून त्यांना पास करणार होता. मला फक्त त्यांची साक्ष घ्यायची होती.

गुरुवारी दुपारी आम्ही दोघं बांधावर बसलो. खाडी आटलेली, चिखल कितीतरी दूरवर नुसता चमकत पडलेला, आणि त्यावर बगळे जमिनीपासून वीतभर वर उभे असल्यासारखे दिसत होते. अशा उन्हात इथे काहीच धड जमिनीवर दिसत नाही. जयदासकाका आता सत्तर वर्षांचे आहेत. वडील गेल्यापासून आमच्या भाताची कापणी दर वर्षी त्यांनी उभं राहून करून दिली, आणि आमच्या ओट्यावर ते कधी टेकले नाहीत.

"सांगा काका. पहिल्यापासून."

"काय सांगू पोरी. कप्पीवरून दोर सोडला, झडप निम्म्यात अडकली. खाली तिवराचा ओंडका बसलेला, दिसला मना. परत वढली, परत सोडली. तीनदा."

"मग?"

"मंग चवथ्यांदा सोडली. पडली."

"तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये काय केलंत?"

"काय नाय." त्यांनी टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. "जोर लावला आसंल."

मी ते लिहून घेतलं.

*

शुक्रवारी सकाळी केंद्रात मी सगळं कारणकाला दिलं. झडप, कप्पी, दोर, ओंडका, भरती, वारा, पोती, काका. आमच्याकडे एक काचेचं मेज आहे, त्यावर तो सांगितलेलं जग उभं करून दाखवतो. माणसं राखाडी असतात आणि त्यांना चेहरे नसतात. चेहरे दिले की बघणाऱ्याचा न्याय बिघडतो, असा आमच्या केंद्राचा नियम आहे.

राखाडी काकांनी तीनदा दोर सोडला. तीनदा झडप अडकली. चौथ्यांदा मेज थांबलं आणि खाली अक्षरं आली: 'झडप पूर्ण बसणे या स्थितीत शक्य नाही. ओंडका जागेवर आहे. तो कोणी हलवल्याची नोंद नाही.'

मी नोंदी तपासल्या, सगळं बरोबर होतं. चूक कारणकाची नव्हती, चूक चोवीस वर्षांच्या गोष्टीत होती. गावानं ती गोष्ट शेकडो वेळा सांगितली होती आणि ओंडक्याचं काय झालं, हे कोणी कधी विचारलं नव्हतं. झडप पडली म्हणजे ओंडका निघाला असणार, एवढं धरून सगळे पुढे गेले. माणसाला ते चालतं. कारणकाला चालत नाही.

मी म्हटलं, निसर्गानं काढला असेल. भरतीला सांगितलं की ओंडका हलव. मेजावर पाणी खाडीकडून आत घुसलं आणि ओंडका तोंडात आणखी घट्ट बसला. अर्थातच, पाणी आतल्या दिशेनं रेटत होतं. मी वारा वाढवला, लाटेची उंची बदलली, ओंडका बारीक केला. दुपारपर्यंत तीनशे वेळा तरी ते जग चालवलं असेल. प्रत्येक वेळी चौथ्यांदा दोर सुटायचा, झडप अडकायची, आणि पाणी आवाज न करता गावात यायचं. पोती पोचायच्या आधी ते आमच्या ओट्याला लागलेलं असायचं. त्यात आमच्या घराची कौलं बुडत नव्हती, पायऱ्या बुडत होत्या. बघता बघता मला गुंगी आल्यासारखं झालं. आपण त्या ओट्यावर पाय सोडून बसलो आहोत आणि पाणी तळव्यांना लागतं आहे असं वाटत राहिलं.

शेवटी मी कारणकालाच विचारलं की काय कमी आहे.

त्यानं एक कृती मागितली: 'ओंडका खाडीच्या बाजूनं बाहेर ओढणे. कर्ता: अज्ञात. आवश्यक: कर्ता उघाडीच्या तोंडाशी, पाण्यात. तिथे पोचायला आवश्यक: होडी.'

त्या दुपारी दिवेखारच्या किनाऱ्याला सगळ्या होड्या बांधलेल्या होत्या. एक सोडून.

 मी कर्त्याच्या जागी नाव लिहिलं, भालचंद्र घरत. मेजावर बाहेरच्या बाजूनं एक राखाडी माणूस आला. त्यानं होडी उघाडीच्या बाहेरच्या पायऱ्यांच्या कड्याला बांधली, पाण्यात उतरला, बुडी मारली, ओंडका ओढून काढला. दोर सुटला, झडप बसली, गाव वाचलं. आत ओढणारं पाणी थांबलं आणि बाहेर फक्त वादळ उरलं. वादळानं उलटलेल्या लाटेबरोबर त्या माणसाला आणि होडीला खाडीत नेलं, आणि मेजाची कड आली तिथे तो संपला.

त्याला चेहरा नव्हता. मी तरी त्याला वीस वेळा येताना बघितलं. केंद्राचा नियम मला पहिल्यांदाच खोटा वाटला, कारण बुडी मारायच्या आधी तो बनियन काढून डोक्याला गुंडाळेल असं मला प्रत्येक वेळी वाटत होतं. माझे वडील तसंच करायचे.

मग मी एक गोष्ट केली जी अर्जात मागितलेली नव्हती. त्या माणसाच्या मरणाचं कारण विचारलं. उत्तर लगेच आलं: 'चौथ्यांदा दोर सोडणे. कर्ता: जयदास म्हात्रे.' झडप थोडी उशिरा पडली असती तर तो माणूस पायऱ्या चढून वर आला असता. मात्र तेवढ्या वेळात पाणी बांधाला खाऊन आत शिरलं असतं. गाव वाचलं त्याचं कारण आणि वडील गेले त्याचं कारण एकच होतं. एकाच हातानं सोडलेला एकच दोर.

मी मेज बंद केलं आणि थोडा वेळ तिथेच रडले. चोवीस वर्षांच्या रागाचं आता काय करायचं, हे मला कळत नव्हतं.

*

शनिवारी सकाळी ओहोटी लागली होती. क्रेनवाले दहाला येणार होते. आईला मी घरीच सगळं सांगितलं होतं, मरणाच्या कारणाचं सोडून. ती ऐकून उठली. ठेवणीतलं लुगडं नेसली आणि तांब्यात गोडं पाणी घेऊन माझ्याबरोबर निघाली. जयदासकाका आधीच उघाडीवर येऊन बसले होते, पाटीसाठी कोणी तरी फोटो काढणार होतं म्हणून पांढरा शर्ट घालून.

"काका," मी म्हटलं, "दाखला झाला नाही. ओंडका कोणी काढला, त्याची नोंद नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग आईकडे बघितलं, आणि त्यांची नजर पुन्हा वर आली नाही.

"दोन हिसके आयले व्हते," ते म्हणाले.

"कशाला?"

"दोराला. खालून. तिसऱ्यांदा झडप वर वढून मी दोर धरून उभा. पावसात, फेसात काय दिसत नव्हता. नि खालून दोन हिसके. एक हिसका म्हंजे धर, दोन म्हंजे सोड. वाऱ्यात हाक आयकू येत नाय, म्हून आमी तसा करायचो. मी नि भालचंद्र. दुसरा कोन करत नसं." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "मी सोडली. झडप बसली. मंग वाकून बघितला, हाका मारल्या. पानी नि फेस. मनाशी बोललो, लाटंचा हिसका आसंल. दोन लाटांचा."

"आणि लोक म्हणाले की तो पळाला."

"मना बरा वाटला गो." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "पळाला म्हंजे जिता हाय. कधी तरी येल नि माजी गचांडी धरंल. मी वाट बघितली त्याची."

माझ्या अकराव्या वर्षीचा विचार मी त्यांच्या तोंडून ऐकत होते. मला त्यांचा राग यायला हवा होता, आणि तो आलाही. आईला दर वर्षी कोणी ना कोणी पळपुट्याची बायको म्हणत होतं तेव्हा हा माणूस ऐकत होता. तेही मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"पाटी नको," ते म्हणाले. "माजा नाव काढ."

"काढता येत नाही. तुम्ही दोर सोडला म्हणून गाव वाचलं, हे कारणकाच्या हिशेबी खरंच आहे. त्याच्या आधी बाबांचं नाव येतं, एवढंच."

"नि भाल्या? त्याला कोनी मारला? त्या यंत्राला इचारलास?"

मी दोराकडे बघितलं. ते त्यांना पुरलं. बांधाच्या दगडावर त्यांनी दोन्ही हात टेकले, आणि आता हा माणूस उठणार नाही असं मला वाटलं.

तेव्हा आई त्यांच्या शेजारी बसली. चोवीस वर्षांत पहिल्यांदाच.

"जयदास, दोन हिसके म्हंजे काय?"

"सोड."

"मंग? त्यानं सोड सांगितला, तू सोडलास. येवराच ना?"

"पन मी थांबलो असतो तर..."

"थांबला असतास," आई म्हणाली, "तर यो पायऱ्या चढून वर आयला असता, वला चिंब, नि तुना आईबापावरून शिव्या घातल्या असत्या. दोन हिसके दिले, बहिरा जाल्तास काय रे!"

काका हसले. हसता हसता रडायला लागले. आणि क्षणभर आम्ही तिघांनीही उघाडीच्या पायऱ्यांकडे बघितलं. शेवाळलेल्या, ओल्या पायऱ्या, खाली चमकणारा चिखल. त्यावरून कोणीतरी डोक्याला बनियन गुंडाळून वर येतं आहे, इतकं ते खरं वाटलं.

कारणकाला मी एक नियम दिलाच नव्हता. त्याला कप्पी माहीत होती, भरती माहीत होती, दोन हिसक्यांचा करार माहीत नव्हता. तो दिला असता तर तो दोर सोडण्यापाशी थांबला नसता, आणखी एक पाऊल मागे गेला असता. खाली पाण्यात उभा असलेला माणूस आधी पायऱ्या चढू शकत होता. त्यानं आधी दोर हलवला. नोंद मी त्यानंतरच्या सोमवारी केली, आणि मरणाचं कारण म्हणून बाबांचे ते दोन हिसकेच आले. पण आईनं ते यंत्राच्या दोन दिवस आधी सांगितलं होतं.

क्रेनचा आवाज बांधाच्या टोकाला यायला लागला. आई उठून दोरापाशी गेली. आमचा शिंपला इतकी वर्षं न हलल्यामुळे मिठानं दोराला चिकटून बसला होता. मी पुढे झाले तर तिनं मला हातानंच थांबवलं. तांब्यातलं गोडं पाणी तिनं त्यावर थोडं थोडं ओतलं, अंगठ्यानं मीठ चोळलं, परत पाणी ओतलं. जयदासकाका टोपी हातात घेऊन उभे होते.

शिंपला सुटला. आईनं तो सावकाश फिरवला आणि त्याचं पोट गावाकडे केलं, आमच्या घराच्या बाजूला. मग दोर मुठीत धरून तिनं तो दोनदा ओढला.

"जाली बारी," ती खाडीकडे बघून म्हणाली. "ये आता घरी."